मुरगाव बंदर: धूळ आणि पाणी यांचा एकच हिशेब

वास्कोचा नकाशा उघडला की मुरगाव बंदरातल्या कोळशाच्या धुळीच्या प्रकरणातली निम्मी गोष्ट तिथेच कळते. झुआरी नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिण काठावर सड्याचा डोंगर समुद्रात घुसला आहे. त्याच्या उत्तर अंगाला, डोंगराच्या आडोशाने मुरगाव बंदर, आणि बंदराला लागूनच पूर्वेकडे वास्को शहर. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा डोंगर अडवतो, उरलेल्या ब्रेकवॉटर, म्हणजे समुद्रात घातलेला बांध, अडवतो, म्हणून भर पावसाळ्यातही इथे धक्क्याला जहाज लागू शकतं. जागा निवडणाऱ्यांनी लाटांचा विचार चोख केला होता. वाऱ्याचा विचार करायचं त्यांना कारणच नव्हतं. जानेवारी ते मे या महिन्यांत दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि दिवस मावळेपर्यंत वाहत राहतो. बंदरावरून निघालेला हा वारा पुढे खारीवाडा, बाजार आणि रेल्वे स्टेशनाभोवतीच्या वस्तीवर येतो.

बंदर आणि रेल्वे दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतली, पोर्तुगीज काळातली. घाटावरच्या मुलखाला समुद्र मिळावा म्हणून ती जोडीने बांधली गेली, आणि त्या जोडीच्या आधाराने वास्को वाढलं. १९६१ नंतर मुरगावला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला. ‘बंदर आधी की शहर आधी’ हा वाद वास्कोत अजूनही हिरीरीने घातला जातो. माझ्या मते तो निरर्थक आहे. एकमेकांवाचून दोन्ही झाली नसती, आणि धूळ कुणाची जन्मतारीख विचारत नाही.

लाल धूळ, मग काळी

कित्येक दशकं मुरगाव म्हणजे लोहखनिज. डिचोली, सांगे, सत्तरीकडच्या खाणींतला माल ट्रकने नदीकाठी, तिथून बार्जमध्ये, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नौकांत, आणि मांडवी-झुआरीतून बंदरात. मांडवीच्या बाजूच्या बार्ज पावसाळ्यात कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत येत. १९७९ मध्ये यांत्रिक खनिज-हाताळणी प्रकल्प सुरू झाला आणि वेग वाढला. २०१०-११ साली बंदराची एकूण हाताळणी पाच कोटी टनांच्या घरात होती. त्यातला बहुतेक माल लोहखनिज, आणि तो जवळजवळ सगळा निर्यातीचा.

तेव्हाही धूळ होतीच, लाल होती. तिच्याबद्दल खाणपट्ट्यातल्या गावांनी पुष्कळ आरडाओरड केली. बंदराच्या शहरात मात्र ती बऱ्यापैकी सोसली गेली, कारण बार्ज, ट्रक, गॅरेज, खानावळी असं अर्धं अर्थकारण त्याच मालावर चाललेलं होतं.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१३-१४ मध्ये बंदराची हाताळणी एक कोटी वीस लाख टनांच्याही खाली घसरली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून खाणींना परवानगी मिळाली, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि पुन्हा सगळं ठप्प. बंदराला जगायचं तर दुसरा माल हवा होता, आणि तो दारात होताच. कर्नाटकातल्या बळ्ळारी-कोप्पळ भागातल्या पोलाद कारखान्यांना लागणारा आयात कोकिंग कोळसा, म्हणजे ज्याचा भट्टीसाठी कोक करतात तो. ५ए आणि ६ए हे धक्के जेएसडब्ल्यू समूहाच्या साउथ वेस्ट पोर्टकडे २००४ पासून चालू होते. अदानी समूहाचा धक्का क्रमांक ७ दशकभराने, २०१४ मध्ये सुरू झाला.

पुढच्या भांडणाचं मूळ या बदलात आहे. पूर्वी धूळ निर्यातीची होती आणि खाण, बार्ज, ट्रक सगळं गोव्यातलं. कोळसा गोव्यातून फक्त जातो. उतरतो वास्कोत, जळतो बळ्ळारीकडच्या तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यात. त्यातून गोव्यात उरतो तो थोडासा रोजगार, बंदराचं भाडं आणि खिडकीच्या चौकटीवरचा काळा थर. लोकांनी सोसण्याचा हिशेब नव्याने मांडला, त्यात मला काहीच चूक वाटत नाही.

धूळ नेमकी कुठे उठते

जहाजाच्या पोटातून रेल्वेच्या वाघिणीत जाईपर्यंत कोळसा निदान पाच-सहा वेळा उंचावरून खाली पडतो. क्रेनचा ग्रॅब, म्हणजे दोन जबड्यांची पोलादी बादली, जहाजाच्या तळात उतरतो, दहा-पंधरा टनांचा घास घेतो, वर येतो आणि धक्क्यावरच्या हॉपरवर, म्हणजे मोठ्या नरसाळ्यावर, उघडतो. हॉपरवरून कन्व्हेयरवर, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर, तिथून ढिगावर, ढिगातून पुन्हा उचलून वाघिणीत.

ग्रॅब उघडतो तो क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. कोळसा खाली जातो आणि तेवढ्याच आकारमानाची हवा हॉपरमधून वर फेकली जाते. ती हवा बारीक भुकटी सोबत घेऊन येते. हॉपरच्या तोंडावरून करडा पडदा उभा राहतो, आणि वारा असेल तर लगेच आडवा होतो. क्रेनचालक अनुभवी असेल तर ग्रॅब हॉपरच्या तोंडात खाली नेऊन हळू उघडतो आणि पडदा निम्म्याने कमी होतो. घाईत असेल तर वरूनच उघडतो. प्रत्येक वेळी ग्रॅब खाली नेण्यात काही सेकंद जातात. एक जहाज रिकामं करताना ग्रॅबच्या अशा हजारो खेपा होतात, आणि ठरलेल्या मुदतीपेक्षा जहाज जास्त थांबलं की दिवसाचं डेमरेज, म्हणजे विलंबाचा आकार, लाखांत जातं. त्यामुळे धुळीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय, ग्रॅब हळू उघडणं, हाच सगळ्यात आधी सुटतो. कुठल्याही यंत्राच्या माहितीपत्रकात ही गोष्ट नसते.

दुसरी जागा म्हणजे ढीग. कोरड्या कोळशाच्या ढिगावरून ताशी साधारण वीस किलोमीटरच्या पुढे वारा गेला की कण सुटायला लागतात, आणि वेग थोडा जरी वाढला तरी उडणारी धूळ कित्येक पटींनी वाढते. दुपारचा समुद्री वारा नेमका या उंबरठ्याच्या आसपास खेळतो. सकाळी दहाला तपासणी करून गेलेल्या अधिकाऱ्याला स्वच्छ आवार दिसतं आणि चार वाजता दोरीवरचे कपडे काढणाऱ्या बाईला काळे ठिपके दिसतात. दोघंही खरंच बोलत असतात.

तिसरी जागा रस्ता. सांडलेला कोळसा लोडर आणि डंपरच्या चाकांखाली दळला जातो. ढिगातल्या कोळशापेक्षा हे पीठ कितीतरी बारीक असतं. जिथे बंद कन्व्हेयरऐवजी डंपरने माल हलवतात तिथे मोठा वाटा बहुधा याच पिठाचा असतो. मुरगावला बंदराच्या सामान्य मालाच्या धक्क्यांवर मोबाइल क्रेन आणि डंपरने होणारी उघडी कोळसा-हाताळणी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने थांबवली, ते तांत्रिकदृष्ट्या अगदी योग्य होतं.

पाणी मारा, पण किती?

धुळीवर बंदरांचं पहिलं उत्तर एकच असतं: फवारे. ढिगांभोवती उंच पाइपांवर पाण्याच्या तोफा लावतात, त्या गोल फिरत राहतात. कन्व्हेयर जिथे माल टाकतो तिथे बारीक तुषारांची यंत्रणा असते. या दोहोंचं काम वेगळं आहे आणि त्यांची गल्लत सर्रास होते. मोठा थेंब ढिगाचा पृष्ठभाग भिजवतो, पण हवेत उडालेला दहा मायक्रॉनचा कण पकडत नाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). थेंबाभोवती हवा वळसा घेते आणि कण तिच्याबरोबर निसटतो. तो पकडायला थेंबही कणाच्याच आकाराचा, धुक्यासारखा लागतो. म्हणून हॉपरवर नुसता पाइप धरून पाणी मारणं हा बराचसा देखावा असतो.

किती पाणी लागतं याचा साधा हिशेब करून पाहू. साठ हजार टनांच्या एका जहाजातल्या कोळशाचा ओलावा फक्त एक टक्क्याने वाढवायचा तर सहाशे टन, म्हणजे सहा लाख लिटर पाणी हवं. सात टक्के ओलाव्याने आलेला माल नऊवर न्यायचा तर बारा लाख. शिवाय ऊन-वाऱ्याने वरचा थर काही तासांत सुकतो, की पुन्हा फवारा. समुद्राचं पाणी समोर अथांग पसरलेलं असलं तरी ते चालत नाही. त्यातलं मीठ पोलाद कारखान्यातल्या कोकभट्टीला आणि झोतभट्टीला नको असतं. म्हणजे गोडं पाणी, नाहीतर शुद्ध केलेलं सांडपाणी. एप्रिल-मेत नळाच्या वेळा सांभाळणाऱ्या शहराच्या डोळ्यांदेखत कोळशावर गोडं पाणी शिंपायचं, हे लोकांना सांगताना बंदराच्या अधिकाऱ्यालाही अवघडच जात असणार.

यात गिऱ्हाइकाचा हितसंबंधही उलटा आहे. पोलाद कारखान्याला कोरडा कोळसा हवा. ओला कोळसा म्हणजे वाघिणीत पाण्याचं भाडं आणि भट्टीत ते पाणी उडवायला इंधन. बंदराला ओला हवा, कारखान्याला कोरडा, आणि मधल्या टर्मिनलला पैसे देतो तो कारखाना. या तिघांत कुणाचं म्हणणं टिकतं ते सांगायची गरज नाही. ऑस्ट्रेलियात यावर एक चांगला तोडगा आहे. प्रत्येक खाणीच्या कोळशासाठी प्रयोगशाळेत फिरत्या पिंपात चाचणी करून किती टक्के ओलाव्यावर त्याची धूळ जवळजवळ थांबते तो आकडा काढतात. माल त्या आकड्याच्या खाली आला तर तो भिजवायची जबाबदारी कुणाची ते करारातच लिहिता येतं. आपल्याकडे ‘पुरेसे फवारे असावेत’ अशा भाषेच्या अटी दिसतात. पुरेसे म्हणजे किती, हे प्रत्येकाच्या सोयीवर.

ढिगांभोवती जाळीदार वारा-रोधक भिंत उभारणं हा दुसरा उपाय. ती भरीव असून चालत नाही. भरीव भिंतीवरून उडी मारलेला वारा पलीकडे भोवरे करतो आणि धूळ आणखी उचलतो. साधारण अर्धी उघडी, अर्धी झाकलेली जाळी सगळ्यात चांगली. पण तिचा आडोसा तिच्या उंचीच्या काही पटींपर्यंतच पोचतो, आणि ढीग जाळीपेक्षा उंच गेला की वरचं टोक उघडं पडतं. ढिगाच्या उंचीची अट म्हणूनच महत्त्वाची. जहाजांची गर्दी झाली, वाघिणी मिळाल्या नाहीत, की ढीग चढत जातात.

खरा उपाय बंद शेड. कोळसा छताखाली गेला की वारा, ऊन आणि पाऊस तिन्ही बाहेर राहतात. खर्च मोठा आहे, आत मिथेनवर आणि कोळसा आपोआप तापून पेटण्यावर लक्ष ठेवावं लागतं, पण शहराला चिकटलेल्या धक्क्याला दुसरा इलाज नाही असं माझं मत आहे. छताचा मोठा फायदा धुळीपेक्षाही पाण्याच्या बाजूने आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

फवाऱ्याचं पाणी जातं कुठे

धूळ दाबली म्हणजे ती नाहीशी झाली नाही, ओली झाली. तिचा पत्ता फक्त बदलतो. ढिगावरून निथळणारं पाणी, रस्ते धुतलेलं पाणी, चाकं धुतलेलं पाणी गटारांतून गाळ बसवायच्या टाक्यांत जातं. वरचं निवळ पाणी पुन्हा फवाऱ्याला घेतात. उन्हाळ्यात ही साखळी चांगली चालते, कारण पाणी मुळातच कमी असतं.

जूनमध्ये चित्र बदलतं. कोळशाचा पन्नास मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात तासाला साधारण दोन मीटर खाली बसतो. दहा मायक्रॉनचा कण तासाला जेमतेम आठ सेंटिमीटर. दोन मीटर खोल टाकी असेल तर पहिल्याला तास पुरतो, दुसऱ्याला चोवीस तासांहून जास्त लागतात, तेही पाणी निश्चल असेल तर. उन्हाळ्यात पाणी टाकीत दिवसभर मुक्काम करतं, सगळं नीट बसतं. पावसाळ्यातल्या एका दणक्यात दहा हेक्टर आवारावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाणी येतं. ते टाकीत तासभरही टिकत नाही. बारीक सगळं सरळ पुढे, खाडीत.

आता नियमाकडे पाहू. कारखान्याचं सांडपाणी सोडताना तरंगत्या गाळाची नेहमीची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम. हीच मर्यादा तंतोतंत पाळली असं धरलं, तरी त्या एक कोटी लिटरबरोबर एक टन बारीक कोळसा जातो. वास्कोच्या किनाऱ्यावर मोसमात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहा हेक्टर उघड्या आवारातून, सगळे नियम पाळून, मोसमाला पंचवीस टन. मर्यादा लिटरमागे आहे, खाडीमागे नाही. छप्पर घातलं की यातला बहुतेक पाऊस कोळशाला न शिवता थेट गटाराला लागतो. म्हणून मी शेडला आधी पाण्याचा उपाय म्हणतो.

पावसाळ्यात धुळीच्या तक्रारी बसतात. ओल्या कोळशावरून काही उडत नाही, मंडळाच्या यंत्रांवरचे आकडे उतरतात, वर्तमानपत्रातला विषय मागे पडतो. नेमक्या त्याच काळात कोळसा खाडीत जाण्याचा हंगाम सुरू होतो, आणि त्याकडे पाहणारा सहसा कुणी नसतो.

खाडीही कोरी पाटी नाही. समोर दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी मांडवी-झुआरीच्या गाळात लोह आणि मँगनीजचं जादा प्रमाण मोजून ते खनिज-वाहतुकीशी जोडलं आहे. म्हणजे लाल धुळीचा इतिहास तळाशी थरांत बसलेला आहे, त्यावर आता काळा थर येतो. बंदरापासून थोडं आत चिखलीच्या खाडीत काचशिंपल्यांची वस्ती आहे. जुन्या गोव्यातल्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी ज्यांची पारदर्शक कवचं बसवत तेच हे शिंपले. ते चिखलावर पडून राहतात आणि पाणी गाळून जगतात. पाण्यात जे तरंगतं ते त्यांच्या पोटातून जातं. खारीवाड्याच्या मच्छीमारांचं म्हणणं समजायला एवढं पुरे.

आकडा आणि थर

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे पीएम १० ची, म्हणजे दहा मायक्रॉन आणि त्याहून बारीक कणांची, चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी, वर्षाची ६० च्या आत. समजा दुपारचे सहा तास समुद्री वाऱ्यात आकडा २२० वर गेला आणि उरलेले अठरा तास तो ५० वर राहिला. सरासरी येते साडेब्याण्णव. दिवस पास. सहा तास शाळा सुटलेल्या मुलांनी, मासळी विकणाऱ्या बायकांनी आणि दम्याच्या रुग्णांनी दुपटीहून जास्त धूळ घेतली, हे त्या एका आकड्यात बुडून जातं. हे उदाहरणादाखल घेतलेले आकडे आहेत, पण सरासरीचा स्वभाव असाच असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लोक ज्याची तक्रार करतात तो खिडकीवरचा, फरशीवरचा, पाण्याच्या टाकीवरचा काळा थर बहुतांशी पीएम १० नव्हे. ते तीस, पन्नास, शंभर मायक्रॉनचे जाड कण असतात आणि पीएम १० चं यंत्र ते मुद्दाम बाहेर ठेवतं. म्हणजे लोक एका गोष्टीची तक्रार करतात आणि मंडळ दुसरीच मोजून ‘मर्यादेत आहे’ असं उत्तर देतं. बसणारी धूळ मोजायची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे: गच्चीवर महिनाभर बरणी ठेवायची, काय साचलं ते वाळवून तोलायचं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये त्यासाठी दर चौरस मीटरला महिन्याला चार ग्रॅमची मर्यादा धरतात. आपल्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषक आहेत, बसणारी धूळ त्यांत नाही. वास्कोसारख्या गावात ती वेगळी अट म्हणून घालायला कुणी अडवलेलं नाही.

मात्र काळं दिसलं म्हणजे सगळा कोळसाच, असंही धरू नये. त्याच न्यू साउथ वेल्समध्ये, न्यूकॅसल या प्रचंड कोळसा-बंदराच्या परिसरात बसलेली धूळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा कोळशाचा वाटा सरासरी सुमारे १० टक्के निघाला. बहुतेक माती-दगड, शिवाय टायरचं रबर, डिझेलची काजळी. वास्कोत धक्का शहराला कितीतरी जास्त चिकटलेला आहे, त्यामुळे तिकडचा आकडा इकडे लावणं चूक ठरेल. पण पद्धत आणायला हरकत नाही. कोळशाचा कण टोकदार, चकचकीत, अपारदर्शक दिसतो. काजळी अतिसूक्ष्म गोळ्यांच्या माळेसारखी असते. बरण्यांतली धूळ दर महिन्याला अशी तपासून प्रसिद्ध केली तर बंदर आणि शहर यांच्यातली अर्धी भांडणं मिटतील, आणि उरलेली अर्धी पुराव्यानिशी होतील.

कागद, कोर्ट आणि जनसुनावणी

धुळीचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत पूर्वीच गेला होता. त्याचं मोठ्या लढ्यात रूपांतर झालं ते विस्ताराच्या बेतामुळे. बंदराला केपसाइज आकाराची, म्हणजे कोळसा-खनिज नेणारी सगळ्यात मोठ्या वर्गातली, जहाजं आत घ्यायची होती. त्यासाठी जहाजांचा मार्ग १४.४ मीटरवरून १९.८ मीटरपर्यंत खोल करायचा. या कामाला जनसुनावणी न घेता पर्यावरण मंजुरी मिळाली. पारंपरिक होडीवाल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने राष्ट्रीय हरित लवादात धाव घेतली आणि २०१६ मध्ये ती मंजुरी रद्द झाली.

मच्छीमारांनी गाळ उपसण्यावर बोट ठेवलं हे फार अचूक होतं. तळाशी दशकानुदशकं बसलेलं सगळं, खनिज, कोळसा, जहाजांच्या बुडाला लावलेल्या जुन्या विषारी रंगांचे अवशेष, उपसताना पुन्हा पाण्यात येतं. वरच्या धुळीसाठी कितीही फवारे लावा, खालची धूळ एकदम ढवळली तर हिशेब शून्यावर येतो.

मग एप्रिल-मे २०१७ मध्ये वास्कोत जनसुनावण्या झाल्या: मार्ग खोल करणं, धक्के ८ आणि ९ चा पुनर्विकास, आणि वास्को खाडीतली कामं. माणसं दिवसेंदिवस, रात्री उशिरापर्यंत बोलत राहिली. ‘गोंयांत कोळसो नाका’ (गोव्यात कोळसा नको) ही घोषणा वास्कोपुरती उरली नाही. कारण कोळसा रेल्वेने पुढे जातो: दाबोळी, सांकवाळ, कासावली, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे आणि मग सदतिसात एक चढाच्या घाटातून दूधसागराच्या कुशीतून कॅसल रॉकला. उघड्या वाघिणींच्या एका रेकमध्ये, म्हणजे एका मालगाडीत, साडेतीन-चार हजार टन माल असतो. ताडपत्री घातली तरी वेगाने फडफडते, फाटते, आणि रिकाम्या वाघिणी परततात तेव्हा ती कुणी घालतच नाही. तळाला चिकटलेली भुकटी परतीच्या वाटेवर उडते. या मार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला हजारो माणसं रुळांजवळ जमली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुळे ते कॅसल रॉक टप्प्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली.

बंदराच्या धुळीचं प्रकरण जंगलातल्या रुळापर्यंत कसं पोचलं याचं काहींना आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही. जहाज, धक्का, ढीग, वाघीण ही एकच नळी आहे. तोंड मोठं केलं की शेपूट मोठं करावंच लागतं. परवानग्या मात्र तुकड्या-तुकड्यांनी मागितल्या जातात: धक्क्याची वेगळी, उपशाची वेगळी, रुळाची वेगळी.

कोळसा हलवायचाच बंद करा, ही मागणी देशात नवी नाही. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने चेन्नई बंदरातली कोळसा आणि लोहखनिजाची हाताळणी १ ऑक्टोबरपासून थांबवायला सांगितली. माल उत्तरेकडे एण्णूरला सरकला. उत्तर चेन्नईच्या जुन्या वस्तीला मोकळा श्वास मिळाला. एण्णूरला आधीच औष्णिक केंद्रं, राखेचे तलाव आणि मच्छीमारांची गावं होती. त्यामुळे मुरगावचा कोळसा ‘दुसरीकडे न्या’ म्हणताना ते दुसरीकडे कुठे, हेही विचारायला हवं. तरीही जिथे ढीग आणि शाळा यांच्यात फक्त एक रस्ता असतो तिथून तो हलला पाहिजे, याबद्दल मला शंका नाही.

मी अटी लिहिल्या असत्या तर

प्रदूषण नियंत्रण मंडळ टर्मिनलला जे संमतीपत्र देतं त्यात वर्षाला इतके लाख टन असा आकडा असतो. तो धक्क्याच्या आणि क्रेनच्या क्षमतेवरून येतो. माझ्या मते तो वाऱ्यावरून आणि टाकीवरून यायला हवा. धक्क्यावर वाऱ्याचं यंत्र बसवायचं, वायव्य-पश्चिमेचा वारा ताशी वीस किलोमीटरवर गेला की ढीग हलवणं बंद, पंचवीसवर गेला की ग्रॅबही बंद. हे अशक्य नाही. रात्री उशिरा आणि सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, धुळीची कामं त्या तासांत घेता येतात. अर्थात रात्री हवा दबलेली असते, त्यामुळे तेव्हाही फवारे लागतीलच, आणि क्रेनच्या आवाजाचा वेगळा त्रास होईल. पण कामगारांच्या पाळ्या बदलणं हे शेड बांधण्यापेक्षा स्वस्त आहे आणि उद्यापासून करता येतं. दुपारी थांबल्यामुळे बसणारं डेमरेज भाडेकरारात आधीच धरायचं. वारा रोजचा आहे, त्याला नैसर्गिक आपत्ती म्हणता येणार नाही.

हवेची आणि पाण्याची संमती एकाच तक्त्यात मांडावी. किती पाणी फवारलं, त्यातलं किती परत घेतलं, टाकीतून किती टन गाळ काढला, तो कुठे नेला. गाळाचा आकडा फार बोलका असतो. उन्हाळाभर फवारे चालले म्हणतात आणि टाकीतून गाळ निघाला नाही, तर दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी असते. ज्या आवारावर छप्पर नाही त्याच्या टाक्या मेअखेरीला रिकाम्या करून, खोली मोजून, त्याचे फोटो तारखेसह जाहीर करायला लावावेत. जून उजाडल्यावर टाकी अर्धी गाळाने भरलेली असेल तर ती टाकी नसून नुसता उतार आहे. पहिल्या मोठ्या सरीचं पाणी सगळ्यात काळं असतं. तेवढं तरी पूर्ण अडवून ठेवण्याइतकी जागा प्रत्येक आवारात राखलीच पाहिजे, आणि ती जागा नसेल तर त्या आवारात पावसाळ्यात उघडा साठा नको.

शेड पूर्ण झाली तरी दोन टोकं उघडी राहतात. एक, जहाजावरचा ग्रॅब. तिथे बंद पद्धतीने, स्क्रूने किंवा साखळी-बादल्यांनी माल उपसणारी यंत्रं जगात वापरात आहेत. ती महाग आहेत आणि प्रत्येक जातीच्या मालाला चालत नाहीत. दुसरं टोक वाघीण. भरल्यावर वरचा थर सपाट करून त्यावर गोंदासारखं द्रावण फवारलं की साय धरते आणि प्रवासात उडणं पुष्कळ कमी होतं. क्वीन्सलंडच्या कोळसा-रेल्वेवर हे वर्षानुवर्षं चालू आहे. हे द्रावण पावसाने धुऊन रुळाशेजारच्या शेतात, ओढ्यात काय करतं, हे मात्र घाटात उतरण्याआधी तपासून घ्यावं लागेल, कारण तिथून पुढे पाणी दूधसागर नदीलाच मिळतं.